विश्लेषण : प्रवाशांची रांग, तरी उड्डाणे बंद! अंतराळ पर्यटनाचा व्यवसाय का जमत नाही?

पैसे मोजून अंतराळात जाऊन येण्याची सोय देणाऱ्या ‘ब्ल्यू ओरिजिन’ या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘न्यू शेपर्ड’ यानाची उड्डाणे किमान दोन वर्षे थांबवण्याचा निर्णय जानेवारी २०२६च्या अखेरीस जाहीर केला. तिची स्पर्धक ‘व्हर्जिन गॅलेक्टिक’चे शेवटचे प्रवासी उड्डाण जून २०२४मध्ये झाले होते. दोन्ही कंपन्यांकडे प्रतीक्षेत असलेले प्रवासी आहेत, यान उडवण्याचा अनुभव आहे आणि संस्थापकही जगातील बड्या उद्योजकांपैकी आहेत. तरीही हा व्यवसाय पायावर उभा का राहत नाही? अंतराळ प्रवासाचे खरे ग्राहक कोण? आणि भारतासाठी यातून कोणता धडा आहे?

नेमके काय घडले?

‘अॅमेझॉन’चे संस्थापक जेफ बेझोस यांनी २० जुलै २०२१ रोजी स्वतः ‘न्यू शेपर्ड’मधून उड्डाण केले आणि ब्ल्यू ओरिजिनच्या प्रवासी सेवेला सुरुवात झाली. त्या उड्डाणातील एका आसनाचा लिलाव २.८ कोटी डॉलरला झाला होता. एक डॉलर ९० रुपये धरला, तर ही रक्कम सुमारे २५० कोटी रुपये होते. त्यानंतर वयोवृद्ध माजी वैमानिक, अभिनेते, उद्योजक अशा अनेकांनी ही वारी केली. मे २०२४मधील उड्डाणात गोपी थोटाकुरा हे पहिले भारतीय अंतराळ पर्यटक ठरले. एप्रिल २०२५मध्ये गायिका केटी पेरीसह सहा महिलांच्या उड्डाणाची जगभर चर्चा झाली. डिसेंबर २०२५मध्ये व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती प्रथमच अंतराळात जाऊन आली, तीही याच यानातून.

प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण आकडे पाहिले की चित्र बदलते. साडेचार वर्षांत माणसांना घेऊन १७ उड्डाणे झाली आणि त्यांत मिळून ९८ आसने भरली. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या एका साध्या विमानात याच्या जवळपास दुप्पट प्रवासी बसतात.

उड्डाणे थांबवण्याचे कारण कंपनीने स्पष्ट सांगितले आहे. चंद्रावर माणूस उतरवण्याच्या कामाला आता सगळे बळ द्यायचे आहे. ‘नासा’ने मे २०२३मध्ये ब्ल्यू ओरिजिनला चांद्रयान तयार करण्यासाठी ३.४ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. ‘न्यू शेपर्ड’च्या तिकिटाचा दर कंपनीने कधीही जाहीर केलेला नाही. पण समजा, ९८ पैकी प्रत्येक आसन दहा लाख डॉलरला विकले गेले असते, तरी एकूण उत्पन्न दहा कोटी डॉलरच्याही आतच राहिले असते. म्हणजे सरकारी कंत्राटाच्या तीन टक्क्यांहून कमी. दोन्ही कामांसाठी अभियंते तेच असतील, तर कंपनी त्यांना कुठे वळवणार, हे सांगायला नको.

अंतराळवारीचे दोन प्रकार कोणते?

‘अंतराळ पर्यटन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार उपकक्षीय उड्डाणाचा. यात यान साधारण ८० ते १०० किलोमीटर उंची गाठते, प्रवाशांना तीन-चार मिनिटे वजनरहित अवस्था अनुभवता येते आणि यान खाली येते. वर फेकलेला चेंडू परत यावा, तसा हा प्रकार. ‘न्यू शेपर्ड’ची सगळी सफर दहा-अकरा मिनिटांत संपते. व्हर्जिन गॅलेक्टिकचे यान आधी एका मोठ्या विमानाखाली लटकून वर जाते आणि तिथून सुटल्यावर स्वतःचे इंजिन पेटवते.

दुसरा प्रकार पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाण्याचा. इथे नुसती उंची गाठून भागत नाही, यानाला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग द्यावा लागतो. ‘न्यू शेपर्ड’चा कमाल वेग ताशी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास असतो. एक किलो वजन १०० किलोमीटर उंच नेण्यासाठी जितकी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे ३० पट ऊर्जा तेच वजन कक्षेत फिरते ठेवण्यासाठी लागते. परत येताना ही सगळी ऊर्जा वातावरणाच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. त्यामुळे उष्णतारोधक कवच, मोठा अग्निबाण, अनेक दिवसांचा प्राणवायू, प्रवाशांचे महिनोन्महिने प्रशिक्षण असा सगळा खर्च वाढतो. म्हणूनच एका प्रकारचे तिकीट लाखो डॉलरमध्ये असते, तर दुसऱ्याचे कोट्यवधींमध्ये.

तिकिटाचे गणित का बसत नाही?

व्हर्जिन गॅलेक्टिक ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तिचे ताळेबंद सर्वांसमोर आहेत. उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी २००४मध्ये ती स्थापन केली, तेव्हा काही वर्षांतच नियमित उड्डाणे सुरू होतील असे सांगितले गेले. दोन ते अडीच लाख डॉलर दराने सहाशेहून अधिक तिकिटे विकली गेली. प्रत्यक्षात पहिले व्यावसायिक उड्डाण झाले ते जून २०२३मध्ये. पुढच्या वर्षभरात अशी सात उड्डाणे झाली आणि जून २०२४मध्ये ‘युनिटी’ हे यान निवृत्त करण्यात आले.

या यानात प्रवाशांच्या भागात चार जणांची सोय होती आणि उड्डाण व्हायचे महिन्यातून साधारण एकदा. साडेचार लाख डॉलरच्या नव्या दराने चारही आसने विकली, तरी एका उड्डाणाचे उत्पन्न १८ लाख डॉलर. कंपनीचा २०२४चा निव्वळ तोटा मात्र सुमारे ३४.७ कोटी डॉलर होता, म्हणजे ३,१०० कोटी रुपयांहून अधिक. त्याआधीच्या वर्षी तर तो ५० कोटी डॉलरवर गेला होता. शेअरचा भाव इतका घसरला की जून २०२४मध्ये २० शेअरचा एक शेअर करावा लागला.

आता कंपनीची सारी भिस्त ‘डेल्टा’ या नव्या श्रेणीच्या यानांवर आहे. त्यात सहा प्रवासी बसतील आणि एक यान महिन्यातून आठ वेळा उडू शकेल, असे कंपनीचे म्हणणे आहे. हे सगळे खरे ठरले असे मानू. सहा लाख डॉलर दराने सहा आसनांचे ३६ लाख डॉलर, महिन्याला आठ उड्डाणांचे २.८८ कोटी आणि वर्षाचे सुमारे ३४.६ कोटी डॉलर. म्हणजे एक यान वर्षभर एकही फेरी न चुकवता आणि एकही आसन रिकामे न ठेवता उडाले, तर २०२४चा तोटा जेमतेम भरून निघेल. इंधन, इंजिनाचे सुटे भाग, देखभाल हा उड्डाणांचा वाढीव खर्च वेगळाच. शिवाय रांगेत पुढे असलेल्या अनेकांनी जुन्या, निम्म्याहून कमी दराने तिकिटे घेतलेली आहेत.

इथेच या व्यवसायाची खरी मेख आहे. अडचण प्रवासी मिळण्याची नाही, पुरेशा फेऱ्या मारण्याची आहे. कारखाना, प्रशिक्षण केंद्र, उड्डाणतळ, अभियंत्यांचे पगार हा खर्च यान उडो वा न उडो, सुरूच राहतो. तो शेकडो उड्डाणांवर विभागला तरच तिकीट स्वस्त होऊ शकते. विमान कंपन्यांचे अर्थकारण चालते, कारण त्यांचे विमान दिवसातून पाच-सहा फेऱ्या मारते. अंतराळयानाच्या दोन फेऱ्यांमध्ये सध्या काही आठवडे जातात.

मग अंतराळात जाण्यासाठी पैसे कोण मोजतो?

याचे उत्तर गेल्या २५ वर्षांत बदलत गेले. अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो एप्रिल २००१मध्ये रशियाच्या ‘सोयूझ’ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले. त्यासाठी त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. नासाचा त्याला विरोध होता, पण पैशांची चणचण असलेल्या रशियाने आसन विकले. २००९पर्यंत अशा सात जणांनी आठ वाऱ्या केल्या. मग अमेरिकेची ‘स्पेस शटल’ सेवा बंद झाली, नासालाच सोयूझची आसने लागू लागली आणि पर्यटकांसाठी जागा उरली नाही. म्हणजे तेव्हाही पर्यटनाचा हंगाम संपला तो पर्यटक आटल्याने नव्हे, सरकारी ग्राहक पुढे आल्याने.

‘स्पेसएक्स’च्या ‘ड्रॅगन’ कुपीमुळे २०२१मध्ये दुसरा अध्याय सुरू झाला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एकही व्यावसायिक अंतराळवीर नसलेली ‘इन्स्पिरेशन-४’ ही मोहीम तीन दिवस कक्षेत राहून परतली. पाठोपाठ ‘अॅक्सिअम स्पेस’ या कंपनीने ड्रॅगनमधून अंतराळ स्थानकात खासगी मोहिमा नेण्यास सुरुवात केली. एप्रिल २०२२मधील पहिल्या मोहिमेत कंपनीच्या कमांडरसोबत तीन धनाढ्य प्रवासी होते. प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ५०० कोटी रुपये मोजल्याचे वृत्त तेव्हा आले होते.

पुढच्या तीन मोहिमांची प्रवासी यादी बोलकी आहे. २०२३च्या दुसऱ्या मोहिमेत एक खासगी प्रवासी आणि सौदी अरेबियाने पाठवलेले दोघे होते. जानेवारी २०२४च्या तिसऱ्या मोहिमेत इटली, तुर्कस्तान आणि स्वीडनचे प्रतिनिधी गेले. जून २०२५च्या चौथ्या मोहिमेत भारताचे शुभांशू शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू होते. स्वखर्चाने जाणारे प्रवासी तीनवरून एकावर आले आणि मग शून्यावर. त्यांची जागा देशांनी घेतली.

स्वतःचे यान नसलेल्या देशाला अंतराळवीर घडवायचा असेल, तर तिकीट घेणे हा सर्वांत जवळचा मार्ग असतो. धनाढ्य व्यक्ती आयुष्यात बहुधा एकदा जाते. देश मात्र प्रयोगांसाठी, प्रशिक्षणासाठी आणि प्रतिष्ठेसाठी पुन्हा पुन्हा आसन घेऊ शकतो.

‘स्टारशिप’मुळे तिकीट स्वस्त होईल?

सगळ्यांच्या आशा स्पेसएक्सच्या महाकाय ‘स्टारशिप’वर खिळल्या आहेत. प्रक्षेपक आणि यान दोन्ही परत येऊन लगेच पुन्हा उडू लागले, तर प्रत्येक उड्डाणात कोट्यवधींचे यंत्र फेकून द्यावे लागणार नाही. इलॉन मस्क यांनी २०१७मध्ये तर याच यानातून पृथ्वीवरील कोणत्याही शहरातून दुसऱ्या शहरात तासाभरात जाता येईल, असे स्वप्न मांडले होते. त्याच्या आधारे अंदाजही बांधले गेले. ‘यूबीएस’ या स्विस बँकेने २०१९मध्ये असे म्हटले होते की, २०३०पर्यंत अंतराळ पर्यटनाची वार्षिक बाजारपेठ तीन अब्ज डॉलरची आणि अंतराळमार्गे लांब पल्ल्याच्या प्रवासाची २० अब्ज डॉलरची होऊ शकेल.

ते वर्ष आता जवळ आले, पण स्टारशिप अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहे. २०२५मध्ये सुरुवातीच्या काही चाचण्यांत यान नष्ट झाले, नंतरच्या चाचण्या यशस्वी झाल्या. जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांनी आठ कलाकारांना स्टारशिपमधून चंद्राभोवती फिरवून आणण्याची योजना २०१८मध्ये जाहीर केली होती. उड्डाण कधी होणार हेच निश्चित नसल्याने जून २०२४मध्ये त्यांनी ती रद्द केली.

शहरांतर्गत नव्हे, तर खंडांतर्गत प्रवासाला हे यान वापरायचे झाले तरी नवे प्रश्न आहेत. प्रचंड आवाजामुळे उड्डाणतळ शहरापासून लांब, बहुधा समुद्रात ठेवावा लागेल. तिथवर बोटीने जाणे, तपासणी, इंधन भरणे यांत वाचलेले तास परत खर्ची पडतील. उड्डाणाच्या वेळी शरीरावर येणारा ताण वृद्धांना, लहान मुलांना, हृदयविकार असलेल्यांना सोसेलच असे नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या ‘काँकॉर्ड’ विमानाचे उदाहरण समोर आहे. लंडन-न्यूयॉर्क अंतर ते साडेतीन तासांत कापायचे. तरीही दोनच कंपन्यांनी मिळून १४ विमाने चालवली आणि २००३मध्ये सेवा बंद झाली. नुसता वेग विकून धंदा चालत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

प्रवाशाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत विमानाला प्रवासी नेण्याआधी सरकारी यंत्रणेचे सुरक्षा प्रमाणपत्र लागते. अंतराळयानाला तसे लागत नाही. नवा उद्योग नियमांखाली दबू नये म्हणून तिथल्या संसदेने २००४मध्ये यानातील प्रवाशांच्या सुरक्षेबाबत नियम करण्यावर बंधन घातले. ही सवलत वेळोवेळी वाढत गेली असून सध्या ती १ जानेवारी २०२८पर्यंत आहे. जमिनीवरील लोकांना धोका होऊ नये हे सरकार पाहते. यानात बसणाऱ्याने मात्र ‘धोक्याची कल्पना आहे’ असे लिहून द्यायचे आणि बसायचे.

पैसे भरून गेलेल्या एकाही प्रवाशाचा आजवर मृत्यू झालेला नाही. मात्र ऑक्टोबर २०१४मध्ये व्हर्जिन गॅलेक्टिकचे यान चाचणीदरम्यान कोसळून सहवैमानिकाचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२मध्ये ‘न्यू शेपर्ड’चे इंजिन उड्डाणात बिघडले. त्या वेळी यानात माणसे नव्हती आणि कुपी सुखरूप उतरली, तरी पुन्हा उड्डाण व्हायला १५ महिने लागले. प्रवाशांसाठी दार उघडले ते थेट मे २०२४मध्ये. एका बिघाडाने कंपनीचे उत्पन्न इतका काळ थांबते.

इथे सुरक्षितता आणि नफा एकमेकांच्या आड येतात. नासाच्या स्पेस शटलची १३५ उड्डाणे झाली. त्यांतील दोन अपघातांत १४ अंतराळवीरांनी प्राण गमावले. म्हणजे साधारण ६८ उड्डाणांमागे एक अपघात. महिन्याला आठ या गतीने वर्षाला ९६ उड्डाणे होतात. धोका शटलइतकाच राहिला, तर वर्ष संपण्याआधीच एखादा अपघात संभवतो. म्हणजे फेऱ्या वाढवायच्या असतील, तर आधी यान शटलच्या शेकडो पट सुरक्षित असावे लागेल. आणि तसे ते आहे, हे सिद्ध करायलाही फेऱ्याच लागतील.

भारताला यात संधी आहे का?

‘इस्रो’चे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी मार्च २०२३मध्ये भारताचे स्वतःचे पर्यटन यान २०३०पर्यंत तयार होऊ शकेल आणि तिकीट सुमारे सहा कोटी रुपये असेल, असे सांगितले होते. ही रक्कम व्हर्जिन गॅलेक्टिकच्या दराच्या आसपासच आहे. त्या दराने अमेरिकी कंपनीचे काय झाले, ते वर आलेच आहे. चीनमध्ये ‘डीप ब्ल्यू एरोस्पेस’ या कंपनीने तर २०२७च्या उड्डाणाची दोन तिकिटे १५ लाख युआनला, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आत, २०२४मध्येच विकायला काढली. त्यामुळे कमी दर एवढ्याच बळावर भारताला या स्पर्धेत उतरता येणार नाही.

कायद्याचा प्रश्नही आहे. भारतात अंतराळ धोरण २०२३मध्ये आले, त्यात खासगी कंपन्यांना दार उघडले गेले. पण अंतराळ उपक्रमांसाठी स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. प्रवाशाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, विमा कोणी काढायचा, हे ठरलेले नाही. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार यान खासगी कंपनीचे असले, तरी त्यामुळे दुसऱ्या देशात जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते. म्हणजे नफा कंपनीचा आणि जोखीम करदात्याची, अशी वेळ येऊ शकते.

संधी आहे ती दुसऱ्या बाजूला. शुक्ला यांच्या मोहिमेसाठी भारताने सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केल्याचे सांगितले जाते. त्यात त्यांचे प्रशिक्षण आणि स्थानकातील १८ दिवसांचे काम आले. आज भारत या बाजारात ग्राहक आहे. ‘गगनयान’ यशस्वी झाले, तर तो विक्रेता होऊ शकतो. गगनयान आणि त्यापुढील स्थानकाच्या तयारीसाठी केंद्राने आतापर्यंत एकूण २०,१९३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आहे. माणूस कक्षेत नेण्याची क्षमता आजवर रशिया, अमेरिका आणि चीन या तीनच देशांनी मिळवली आहे. चौथा विक्रेता आला, तर अंतराळवीर पाठवू इच्छिणाऱ्या लहान देशांना पर्याय मिळेल. या कामाचा उद्योगांनाही लाभ होतो. गगनयानाच्या प्रक्षेपकासाठीचा बूस्टरचा भाग ‘एल अँड टी’च्या मुंबईतील पवई कारखान्यात तयार झाला आहे.

पुढे काय?

येत्या काही वर्षांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल. पहिली, व्हर्जिन गॅलेक्टिकची डेल्टा याने ठरल्याप्रमाणे उडतात का आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन उड्डाणांत किती दिवसांचे अंतर राहते. दुसरी, १ जानेवारी २०२८नंतर अमेरिका प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करते की सवलत आणखी वाढवते. तिसरी, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २०३०च्या सुमारास निवृत्त झाल्यावर कक्षेतील प्रवाशांनी जायचे कुठे? अॅक्सिअम, ‘व्हास्ट’ अशा कंपन्या खासगी स्थानके उभारण्याच्या तयारीत आहेत, पण त्यांचीही वेळापत्रके पुढे सरकत आहेत.

तोवर ‘अमुक कोटींत अंतराळाची सफर’ अशी जाहिरात दिसली, तर तिकिटाच्या दराआधी एक प्रश्न विचारायला हवा. हे यान गेल्या महिन्यात किती वेळा उडाले? सध्या या प्रश्नाचे उत्तर ‘एकदाही नाही’ असेच येण्याची शक्यता जास्त आहे. ते उत्तर बदलेल, तेव्हाच अंतराळ पर्यटन हा व्यवसाय झाला असे म्हणता येईल.